दर्याची गाज आणि जागा कान

तारकर्लीहून देवबागच्या वाटेला लागलं की जमीन निमुळती होत जाते. एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी आणि मध्ये माडांच्या सावलीतली घरं. या घरांत समुद्राची गाज रात्रभर येत असते. जून-जुलैत, मासेमारीच्या होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा, ती इतकी वाढते की ओट्यावर शेजारी बसलेल्या दोघांनाही आवाज चढवून बोलावं लागतं. त्याच घरात, त्याच रात्री, तान्ह्या पोरापासून आजीपर्यंत सगळे गाढ झोपलेले असतात. हीच आजी मुंबईला लेकाकडे गेली की चार दिवसांत कुरकुरायला लागते, "माका हय झोप येना नाय." खोली बंद, गादी मऊ, गाज कुठेच नाही, तरी डोळ्याला डोळा लागत नाही.

आता याच्या उलटं पाहा. किनाऱ्यापासून आत, कुडाळ-कणकवलीकडच्या एखाद्या वाडीत, हिवाळ्यातल्या निवांत रात्री दूरवर एक कुत्रा एकदाच भुंकतो. आवाज गाजेच्या मानाने किरकोळ, तरी झोपलेला माणूस दचकून उठून बसतो. मोठ्या आवाजात झोप लागते आणि छोट्या आवाजाने मोडते, हे कोडं किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. ते उलगडायला गेलं की समुद्र, कान आणि मेंदू या तिघांचीही नवलाई हाती लागते.

कानापासून सुरुवात करू. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. आपण झोपलो तरी कानाचा पडदा हलतच असतो. आतल्या शंखाकृती नळीत सुमारे साडेतीन हजार पेशी अशा आहेत की त्या हवेतल्या कंपनांचे विद्युतसंदेश करून मेंदूकडे धाडतात. हे काम दिवसरात्र चालतं. अंधारात, डोळे मिटलेले असताना, जनावराची चाहूल ज्याला लागली तो वाचला. आपण त्या वाचलेल्यांचे वंशज आहोत.

मग प्रत्येक आवाजाने जाग का येत नाही? कारण संदेश मेंदूच्या वरच्या थरात शिरण्याआधी थॅलॅमस नावाच्या एका छोट्या भागातून जातो आणि झोपेत तिथे पहारा बसतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, तेव्हा त्याचा मुख्य दरवाजा बाहेरून सहजी दिसणार नाही असा बुरुजांच्या वळणात दडवला. थॅलॅमसचं झोपेतलं काम अशाच दरवाजाचं आहे. येणाऱ्याला सरळ आत सोडायचं नाही, वळणावर थांबवून आधी पारखायचं.

हा पहारा यंत्रावर दिसतोसुद्धा. डोक्याला तारा लावून झोपलेल्या माणसाच्या मेंदूचा आलेख काढला तर मधूनमधून सेकंदभराचे थरथरणारे झुबके उमटतात, सेकंदाला साधारण अकरा ते सोळा कंपनांचे. त्यांना स्लीप स्पिंडल म्हणतात. हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी २०१० साली काही निरोगी लोकांना प्रयोगशाळेत झोपवलं. पहिली रात्र शांत ठेवली आणि पुढच्या रात्री रहदारीचे, टेलिफोनचे, बोलण्याचे आवाज ऐकवले. ज्यांच्या शांत रात्रीच्या आलेखात हे झुबके जास्त होते, त्यांची झोप गोंगाटाच्या रात्रीही कमी मोडली. एकाच खोलीत भावाला ढिम्म जाग येत नाही आणि बहीण भांडं पडलं तरी उठते, यामागे निदान काही अंशी मेंदूची ही जन्मजात ठेवण आहे. बहिणीला उगाच 'नाजूक' म्हणू नये.

दरवाजावर फक्त आवाजाचं आकारमान मोजलं जात नाही, अर्थही तपासला जातो. १९६० साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी झोपलेल्या लोकांना नावांची एक लांबलचक फीत ऐकवली. स्वतःचं नाव आलं की झोपेतच त्यांच्या मेंदूत मोठी लाट उसळे. इतर नावांना तसा प्रतिसाद कमी वेळा मिळे. मेंदू झोपेतही नावं पारखत होता! बाळ कुरबुरलं की आई उठते आणि शेजारी घोरणाऱ्या बाबाच्या आवाजाने उठत नाही, हे आपण घरोघर पाहतो. देवबागचे मच्छीमार सांगतात की रात्रभराच्या गाजेने त्यांना जाग येत नाही, पण गाज बदलली, उधाणाची झाली, तर आपोआप येते. ज्या गावाची जमीन समुद्र कुरतडतो आहे, तिथे हा आवाज नावाने हाक मारण्याइतकाच ओळखीचा असणार.

मालवणला येणाऱ्या पाहुण्यांची पहिली रात्र वाईट जाते, त्याचंही कारण सापडलं आहे आणि ते कारण तर थक्क करणारं आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात २०१६ साली दिसून आलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचे दोन्ही अर्धगोल सारखे झोपत नाहीत. गाढ झोपेच्या वेळी डावीकडचा काही भाग उथळ झोपेत राहतो आणि अनोळखी आवाजाला चटकन प्रतिसाद देतो. दुसऱ्या मुक्कामापर्यंत हा फरक विरतो. सकाळी होडीतून डॉल्फिन पाहायला निघालेला, डोळे चोळणारा पर्यटक ज्या प्राण्याच्या शोधात असतो, तो प्राणी तर आयुष्यभर असाच झोपतो, एका वेळी अर्धा मेंदू. श्वास घ्यायला वर यायचं आणि धोक्यावर नजरही ठेवायची, म्हणून दुसरा अर्धा जागा. त्या होडीत बसलेल्या माणसाने आदल्या रात्री डॉल्फिनच्या झोपेचा एक अंश अनुभवलेला असतो, आणि त्याला ते ठाऊकही नसतं.

आता मूळ कोड्याकडे येऊ. झोपलेल्या मेंदूला आवाज किती मोठा यापेक्षा आवाजाने किती उडी मारली, हे जास्त खुपतं. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ही पट्टी अशी आहे की दहा डेसिबल वाढले म्हणजे ऊर्जा दहापट झाली. समजा, निवांत वाडीतल्या खोलीत रात्री २५ डेसिबल आहेत आणि कुत्र्याचं भुंकणं खोलीत ५५ डेसिबलने पोचतं. उडी ३० ची, म्हणजे ऊर्जा हजारपट. पण समुद्राकाठच्या खोलीत गाजच ५० ची असेल तर त्यात तोच कुत्रा भुंकला की बेरीज होते साधारण ५६. उडी फक्त सहाची. कुत्रा तोच, त्याचा घसाही तोच, पण खालची जमीन उंचावल्यामुळे भुंकण्याचा डोंगर टेकडीएवढाच उरला.

हे नुसतं गणित नाही. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये २००५ साली मूठभर निरोगी माणसांना झोपेत अतिदक्षता विभागातले आवाज ऐकवले, तेव्हा त्यांची झोप तासाला सुमारे ४८ वेळा चाळवली. तेच आवाज, तितकेच मोठे ठेवून त्यांत एक सलग खरखर मिसळली, तर आकडा १६ च्या आसपास आला. खोलीतला एकूण आवाज वाढला होता आणि झोप सुधारली होती. आजीची मुंबईतली तक्रार इथे पटते. तिची जमीनच कुणीतरी काढून घेतली, आता लिफ्टचं दार, पाण्याची मोटर, वरच्या मजल्यावरची खुर्ची, सगळं उघडं पडलं.

गाज हे काम इतकं चांगलं का करते, ते समजायला गाज कशाची बनते ते पाहावं लागेल. आपण धरून चालतो की पाणी वाळूवर आपटतं त्याचा हा आवाज. प्रत्यक्षात त्यातला फार मोठा वाटा हवेचा आहे. लाट फुटताना हवा पोटात घेते, तिचे असंख्य बुडबुडे होतात आणि प्रत्येक बुडबुडा जन्मताना क्षणभर आकुंचन-प्रसरण पावत स्वतःचा सूर लावतो. उट्रेख्टचा खगोलशास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट याने १९३३ साली या सुराचं गणित मांडलं. बुडबुडा लहान तितका सूर उंच. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सुमारे ३३०० हर्ट्झवर गातो. एक सेंटिमीटरचा सुमारे ३३० हर्ट्झवर, म्हणजे दशावताराच्या पेटीवर पांढरी एकचा षड्ज धरला तर मधल्या सप्तकातल्या गंधाराजवळ. पावसाळ्यातली मोठी लाट बुडबुड्यांचे ढगच्या ढग खाली नेते आणि हे ढग एकत्र कंप पावले की त्याहून कितीतरी खालचा खर्ज निघतो.

एका लाटेत लहानमोठे अगणित बुडबुडे. सगळे सूर एकाच वेळी लागल्यामुळे एकही सूर वेगळा ऐकू येत नाही, उरते ती नुसती गाज. झोपेच्या दृष्टीने खरी गंमत इथेच आहे. कानातली ती शंखाकृती नळी आवाजाचे पट्टे पाडते. उंच सूर तिच्या तोंडाशी उमटतात, खालचे टोकाशी. एखादा आवाज दुसऱ्याला झाकतो तो मुख्यतः त्याच पट्ट्यात असेल तरच. नुसत्या शिट्टीने बोलणं झाकलं जाणार नाही. गाजेत मात्र खर्जापासून टिपेपर्यंतचे बहुतेक पट्टे थोडेथोडे भरलेले असतात, म्हणून ती कुत्र्यालाही झाकते, भांड्यालाही आणि कुजबुजीलाही. मंगलोरी कौलांवरचा पाऊस, छताचा पंखा, पहाटेचा वारा माडाच्या झावळ्यांत, या सगळ्यांची जात हीच. लाइट गेली की घरातले सगळे एकदम जागे होतात. त्यात उकाड्याचा वाटा असतोच, पण पंख्याची घरघर थांबल्यावर आतापर्यंत झाकलेले आवाज उघडे पडतात, हेही असतं.

शिवाय गाज हळूहळू चढते आणि हळूहळू ओसरते. झटकन सुरू होणारा आवाज झोप मोडतो, संथ चढणारा तितका मोडत नाही. मोसमी वारा नसलेल्या महिन्यांत, किनाऱ्यावर पानही हलत नसताना, बारा-पंधरा सेकंदांच्या अंतराने ज्या लांब लाटा येतात, त्यांतल्या कितीतरी दक्षिण महासागरातल्या, अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळांत जन्मलेल्या असतात. विषुववृत्त ओलांडून, हजारो किलोमीटर तोडून, आठवडाभराच्या प्रवासानंतर त्या या किनाऱ्यावर फुटतात. भोगव्याच्या एखाद्या घरात पोर ज्या आवाजावर झोपी जातं तो आवाज पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या वाऱ्याने पाठवलेला असतो, ही कल्पना मला कुठल्याही परीकथेहून मोठी वाटते.

समुद्र ज्यांच्या उशाशी नाही त्यांनी काय करावं? दोन वाटा आहेत. एक, खालची जमीन उंचवायची. दुसरी, वरचा डोंगर कापायचा, म्हणजे कानात बोळे घालायचे.

पहिल्या वाटेला पंखा पुरतो. फोनवर पाऊस, लाटा, 'व्हाइट नॉइज', 'पिंक नॉइज' लावून देणारी ॲप आहेत. व्हाइट म्हणजे सगळ्या कंपनसंख्यांना सारखी ऊर्जा, कानाला ती चिरचिरीत लागते. पिंक म्हणजे वर जाताना ऊर्जा उतरत जाते, ती पावसासारखी मऊ वाटते. लाटांचा आवाज निवडलात तर ध्वनिमुद्रण तुटक नको. दर मिनिटाला तुकडा संपून 'टक' होऊन पुन्हा सुरू होत असेल तर मेंदूला तो टकच ऐकू येईल. आवाज बोलण्यापेक्षा खाली ठेवावा आणि फोन उशाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा. यावरचे ३८ अभ्यास एकत्र तपासून २०२१ साली जो आढावा निघाला त्याचा निष्कर्ष सावध आहे. काहींना फायदा होतो, पण पुराव्याचा दर्जा कमी, आणि रात्रभर आवाजाचा मारा कानाला विसावा देत नाही, ही शंका उरतेच. माझं मत असं की जिथे अवचित आवाज येतात तिथेच हा उपाय करावा. आधीच शांत असलेल्या घरात मुद्दाम गोंगाट आणण्याचं कारण नाही.

तान्ह्या बाळांबाबत जास्त जपावं. लंडनमध्ये १९९० साली नवजात बाळांवर केलेल्या प्रयोगात सलग खरखर ऐकवलेल्या २० पैकी १६ बाळं पाच मिनिटांत झोपली, न ऐकवलेल्या २० पैकी फक्त पाच. आकडा मोह घालणारा आहे. पण २०१४ साली बाळांसाठीची अशी १४ यंत्रं तपासली तेव्हा पूर्ण आवाजावर त्यातली काही ८५ डेसिबलच्याही पुढे गेली, आणि तेवढा आवाज कारखान्यातल्या मोठ्या माणसालाही तासन् तास सोसणारा नाही. बाळाच्या पाळण्यात फोन ठेवू नये. आईची गुणगुण पुरते.

दुसरी वाट फार जुनी आहे आणि तीही खलाशांचीच. ग्रीक महाकाव्यातला ओडिसियस समुद्रकन्यांच्या गाण्यापासून वल्हेकऱ्यांना वाचवायला त्यांच्या कानात मेण घालतो. बर्लिनच्या माक्स नेगवर या औषधविक्रेत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेण-कापसाचे बोळे 'ओहरोपाक्स' नावाने विकायला काढले ते ही गोष्ट मनात ठेवूनच. लेखक फ्रांत्स काफ्का त्यांचा गिऱ्हाईक होता. आज औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग दाबले की बारीक होतात आणि सावकाश फुगतात. ते घालायची रीत बहुतेकांना कुणी दाखवलेली नसते. बोळा बोटांत फिरवून अगदी बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, मग बोळा आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. पाकिटावर ३३ डेसिबलपर्यंतचा आकडा असतो. घाईने घातला तर त्याच्या निम्मंही पदरात पडत नाही. साधा कापूस तर जवळजवळ काहीच अडवत नाही.

बोळे घातल्यावर स्वतःचा श्वास आणि नाडी मोठ्याने ऐकू येते, ते नैसर्गिक आहे. कानात आधीच शिट्टी वाजणाऱ्यांना मात्र ती शांततेत जास्त छळते, त्यांना पंखाच बरा. कोकणच्या दमट हवेत कानाला बुरशी लवकर धरते, म्हणून ओल्या कानात बोळा घालू नये, हात धुवून घालावा, फोमचे बोळे वरचेवर बदलावेत आणि कान दुखत किंवा वाहत असेल तर थेट डॉक्टर गाठावा. तारकर्लीला स्कुबा करायला येणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. झोपेचे हे बोळे घालून पाण्याखाली कधीही जाऊ नये. खोलीवर पाण्याचा दाब बोळा आत ढकलतो आणि पडद्याला इजा होऊ शकते.

रात्रभर दर्यावर राहून सकाळी परतणाऱ्या माणसाला दिवसाउजेडी झोपायचं असतं. अंगणात मासळीचा हिशेब चाललेला, पोरं शाळेच्या गडबडीत, रस्त्यावर गाड्या. त्याच्यासाठी बोळे आणि पंखा दोन्ही एकदम लावणं सगळ्यात गुणकारी. बोळा सगळंच खाली आणतो, तरी जे आत झिरपतं ते पंखा झाकतो. उधाणाचा किंवा वादळाचा इशारा असलेल्या रात्री मात्र कान मोकळे ठेवावेत.

मग दशावताराचं काय? तुळशीच्या लग्नानंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की देवळासमोर रात्रभर पखवाज, झांज आणि पेटी. युद्धाच्या प्रसंगाला कानठळ्या बसतात आणि त्याच वेळी पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर पाच वर्षांचं पोर मेल्यासारखं झोपलेलं. मुलांची गाढ झोप मोठ्यांच्या झोपेहून खरोखरच खोल असते, त्यांना आवाजाने उठवणं फार अवघड. म्हातारपणी ही खोल झोप आटत जाते, म्हणून आजोबा जत्रेला गेले नाहीत तरी घरी पडल्यापडल्या अख्खं नाटक ऐकतात.

या सगळ्या उपायांना एक मर्यादा आहे आणि ती सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. स्पीकरच्या ढोल्यातून निघणारा जाड, खोल ठोका. त्याची लांबलचक कंपनं चिऱ्याच्या भिंती पार करतात. फोमचा बोळा उंच सूर चांगले अडवतो, खर्जाला कमी अडवतो. जे उरतं त्यातलं काही हाडांतूनही आत जातं. गाज आणि पंखा ठोक्याला झाकू शकत नाहीत, कारण तो दर अर्ध्या सेकंदाला उडी मारतो. आणि झोप मोडली नाही तरी शरीर हिशेब ठेवतं. मेंदू आवाजाला सरावतो, पण त्या आवाजाने हृदयाची गती चाळवणं पूर्णपणे थांबत नाही. वर्षानुवर्षांच्या रात्रीच्या गोंगाटाचा रक्तदाबाशी आणि हृदयविकाराशी संबंध दिसल्यामुळेच जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली युरोपसाठी रात्री घराबाहेर सरासरी ४० डेसिबलची मर्यादा सुचवली.

आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, तेवढीच. या ठोक्यावर दुसरा इलाज नाही. तेव्हा मालवण, तारकर्ली, देवबाग, निवतीला मुक्कामाला येणाऱ्यांना आणि त्यांना ठेवून घेणाऱ्या घरमालकांनाही कळकळीची विनंती, की रात्री दहाला स्पीकरचं बटण बंद करा आणि समुद्राकडची खिडकी उघडा.